सॅन फ्रान्सिस्को ते बंगळुरू, व्हाया चेन्नई

विमान चेन्नईच्या विमानतळावर एका कोपऱ्यात उभं होतं आणि दारं बंद होती. आम्हाला सगळ्यांना जायचं होतं बंगळुरूला. कॅप्टनने पुन्हा एकदा माफी मागितली आणि माझ्या शेजारच्या गृहस्थांनी पुन्हा एकदा विमान कंपनीचा उद्धार केला. माझं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. मांडीवर एक निळा डबा होता, त्याच्या झाकणावर छोटा स्क्रीन होता आणि स्क्रीनवर तापमान दिसत होतं, सहा अंशांच्या थोडं वर. सॅन फ्रान्सिस्कोहून निघताना ते चार होतं. आठच्या वर ते जाता कामा नये.

मला भीती वाटत होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी काही ठाम निर्णय घेतल्यासारखं वाचताना वाटेल. ठाम वगैरे काही नव्हतं. मी डबा दोन्ही हातांनी धरला होता.

मी मेडिकल कुरिअर आहे. नातेवाइकांना हे सांगितलं की त्यांना वाटतं मी घरोघरी औषधं पोचवते. तसं नाही. मी मूळपेशी पोचवते. रक्ताच्या काही आजारांत पेशंटच्या हाडांमधल्या मगजाला चांगलं रक्त तयार करता येत नाही. मग दुसऱ्या कुणाच्या तरी निरोगी मूळपेशी आणून त्याला द्याव्या लागतात. त्या जुळाव्या लागतात, आणि जुळतात त्या बहुधा आपल्याच मुळाच्या माणसाशी. हल्ली आपल्या मुळाची माणसं कॅलिफोर्नियात बरीच आहेत. म्हणून दाता तिकडे, पेशंट इकडे, आणि मधे डबा घेतलेली मी.

या पेशी जिवंत असतात. त्या गोठवून आणायच्या नसतील तर ठरावीक थंडाव्यात आणि ठरावीक वेळेत आणाव्या लागतात. डबा विमानाच्या पोटात टाकायचा नाही, एक्स-रे मशीनमधून न्यायचा नाही, वरच्या कप्प्यात ठेवायचा नाही, उघडायचा तर मुळीच नाही. टॉयलेटलासुद्धा तो बरोबर न्यायचा. विमानाच्या टॉयलेटमध्ये हे कसं जमतं ते विचारू नका.

आणखी एक गोष्ट वाचकांना ठाऊक हवी. नव्या पेशी देण्याआधी पेशंटचा स्वतःचा मगज जालीम औषधांनी पूर्ण मारून टाकतात. तो परत उगवत नाही. म्हणजे मी सॅन फ्रान्सिस्कोहून विमानात बसते तेव्हा इकडे परतीचे दोर कापून झालेले असतात. डबा पोचला तर ठीक. नाही पोचला तर त्या माणसाकडे जगायला लागतं तेवढं रक्त तयार करणारं काहीच उरलेलं नसतं.

या कामात मी निवृत्तीनंतर आले. त्याआधी बंगळुरूतल्या एका सरकारी कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कवर माझी सगळी नोकरी गेली. इंजिनिअर आणि शास्त्रज्ञ मंडळींची तिकिटं मी काढायचे. जगातला कुठलाही विमानतळ कुठून किती लांब आहे हे मला तोंडपाठ असायचं, आणि प्रत्यक्षात पोचायला किती वेळ लागतो हेसुद्धा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो, हे मात्र डेस्कवर बसून कळलं.

सॅन फ्रान्सिस्को ते बंगळुरू हे अंतर फोनवर कुणालाही बघता येईल. सुमारे चौदा हजार किलोमीटर, थेट विमानाने साधारण सतरा तास. ही दोन गावं पृथ्वीगोलाच्या जवळजवळ पाठमोऱ्या बाजूंना आहेत. त्यामुळे वारा कसा आहे ते पाहून विमान कधी पॅसिफिकवरून येतं, तर कधी चक्क उलट्या दिशेने. आमच्या कुरिअर कंपनीचा मालक नरहरी याने हेच थेट विमान निवडलं होतं. नरहरी माझ्याहून वयाने लहान, चार पिढ्यांपासून बंगळुरूत राहिलेल्या मराठी घरातला. घरात बोलतो मराठी, पण त्यात निम्मं कानडी. मला तो अक्का म्हणतो. आखातात बदलून दुपारी बंगळुरूला उतरणारं विमान घे, असं मी त्याला सांगितलं होतं. त्या मार्गाने चार तास जास्त लागत होते. नरहरीने दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि कमी असलेला उचलला. त्या जागी कुणीही तेच केलं असतं.

पण थेट विमान उतरतं पहाटे. महिना जानेवारी. आमचा विमानतळ शहराच्या पार उत्तरेला, मोकळ्या माळावर, आणि जानेवारीच्या पहाटे तिथे धुकं असतं. धुक्यात उतरवण्याची यंत्रणा आहे, पण त्या दिवशी तीही पुरेना. सतरा तास उडून आलेल्या विमानात घिरट्या घालायला फार इंधन नसतं. कॅप्टनने थोडा वेळ वाट पाहिली आणि विमान चेन्नईला आणलं.

वेळ आधीच संपत आला होता. दात्याकडून पहिल्या दिवशी पेशी कमी मिळाल्या, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा काढल्या. पहिली पिशवी त्यामुळे एक दिवस जुनी होती. मग सॅन फ्रान्सिस्कोलाच विमान बिघडलं आणि तीन-चार तास तिथे गेले. डब्यातला थंडावा ज्या हिशोबाने भरला होता तो हिशोब तिथेच कोलमडला. बंगळुरूच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी कळवलं होतं की आज संध्याकाळच्या आत पेशी हव्यात. त्यानंतर पेशी वापरता येतील की नाही, हे डॉक्टर बाई सांगू शकत नव्हत्या.

चेन्नईला उतरल्यावर पहिला फोन नरहरीला केला. तो कोरमंगलाच्या ऑफिसात होता. म्हणाला, काळजी करू नका, इकडं लख्ख ऊन पडलंय, धुकं गेलं, तासाभरात निघाल. मला जरा बरं वाटलं. मग मी घरी फोन केला. आम्ही येलहंक्याला राहतो, विमानतळाच्या त्याच बाजूला. नवऱ्याला म्हटलं, गॅलरीत जाऊन बघ. सुधीर सगळी नोकरी यंत्रांची मापं घेत जगलेला माणूस. तो गॅलरीत गेला, परत आला आणि म्हणाला, "समोरच्या बिल्डिंगची टाकी दिसत नाहीये. बिल्डिंगच दिसत नाहीये."

कोरमंगला आणि येलहंका एकाच शहरात आहेत, पण हवा एक नाही. नरहरी खोटं बोलत नव्हता. त्याच्या खिडकीत खरंच ऊन होतं.

मग कॅप्टनची आणखी एक घोषणा झाली. वैमानिकांनी सलग किती तास काम करायचं याला कायद्याची मर्यादा असते, आणि ती असायलाच हवी. आमच्या वैमानिकांचे तास संपले होते. धुकं गेलं तरी ते आता विमान उडवू शकत नव्हते. दुसरे वैमानिक बंगळुरूहून येणार होते, आणि बंगळुरूहून तर त्या वेळी काहीच निघत नव्हतं. विमानाची इंजिनं बंद होती, आतली हवा गरम व्हायला लागली होती. स्क्रीनवरचा आकडा साडेसहाकडे सरकला.

एक एअर होस्टेस माझ्याजवळ आली. डब्याबद्दल तिला सुरुवातीलाच सांगितलं होतं. तिने एका पिशवीत बर्फ भरून आणला होता. तिचा हेतू इतका चांगला होता की नाही म्हणताना मला रडू आलं. बर्फ चालत नाही. बर्फ पेशींच्या पिशवीला लागला तर कडेच्या पेशी गोठतात, फुटतात आणि मरतात. गरम होऊन मरायच्या त्या थंड होऊन मरतील, एवढाच फरक.

डॉक्टरांना फोन लावला. त्या बाई नेहमी मोजकं आणि इंग्रजीत बोलतात. मी परिस्थिती सांगितली. त्या म्हणाल्या, "आठच्या वर गेलं तरी उघडू नका, फक्त घेऊन या. सकाळपासून ती सारखी विचारतेय, आलं का म्हणून." आणि लगेच त्यांनी शब्द बदलून "पेशंट" म्हटलं.

पेशंट कोण, हे कुरिअरला सांगत नाहीत. नाव नाही, वय नाही, बाई की पुरुष तेही नाही. हा नियम जगभर आहे आणि चांगला आहे. पण डॉक्टर "ती" म्हणून गेल्या होत्या. इतका वेळ मी एक डबा वाचवत होते. आता एक बाई होती, कुठल्या तरी काचेच्या खोलीत, आणि ती विचारत होती आलं का. भीती वाटते म्हणजे काय, ते मला तेव्हा नीट कळलं.

मी उतरायचं ठरवलं. चेन्नईहून बंगळुरू रस्त्याने साडेतीनशे किलोमीटर, सहा ते सात तास. विमानाने पाऊण तास. नरहरीला सांगितल्यावर तो पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवून बोलला.

"अक्का, स्वल्प थांबा. पाऊण तासासाठी सात तास घालवायचे? उतरू नका."

मी म्हटलं, "पाऊण तास कधी सुरू होणार ते सांग. सात तास मी आत्ता सुरू करते."

तो म्हणाला, "सरी, बरं. गाडी बघतो." नरहरीचं हे मला आवडतं. पटलं नाही तरी तो कामाला लागतो.

परदेशातून आलेल्या विमानातून मधेच उतरणं म्हणजे बसमधून उतरणं नव्हे. कॅप्टनने परवानगी मागितली, एक शिडी आली, मी एकटी उतरले. माझ्या मागे लोक ओरडत होते की या बाईला का सोडता आणि आम्हाला का नाही. त्यांचं बरोबरच होतं. इमिग्रेशन झालं, आणि कस्टममध्ये मी अडकले. माझ्या कागदांवर पेशी देशात आणायची परवानगी होती, पण बंगळुरूच्या विमानतळावरून. चेन्नईचं नाव कुठेच नव्हतं. कस्टम अधिकारी शांत आवाजात म्हणाला की हा डबा इथून बाहेर जाऊ शकत नाही, वाटल्यास तुम्ही जाऊ शकता.

त्या क्षणी मला वाटलं की मी त्या पेशंट बाईला मारलं. विमानात परत जाता येत नव्हतं आणि बाहेर सोडत नव्हते. मधल्या त्या पांढऱ्या लाइटच्या खोलीत मी डबा कवटाळून बसले आणि अधिकाऱ्याला म्हटलं, तुम्हाला डॉक्टरांशी बोलायचंय का? तो बोलला. डॉक्टर काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. त्याने फोन परत दिला, वरच्या साहेबाकडे गेला आणि बराच वेळ आला नाही. मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात शिक्का मारलेला कागद होता. डबा एक्स-रेमध्ये घालणार नाही, हेही त्याने आपणहून सांगितलं. मी त्याचे आभार मानले की नाही ते आता आठवत नाही. बहुधा नाही मानले.

बाहेर सेल्वम नावाचा ड्रायव्हर गाडी घेऊन उभा होता. मी बसले आणि एसी पूर्ण सोडायला सांगितला, अगदी शेवटपर्यंत. श्रीपेरुंबुदूर यायच्या आधीच त्याने टॉवेल डोक्याला गुंडाळला. मी शाल घेतली. डबा सीटवर ठेवून मी त्याला बेल्ट लावला होता आणि वर हात ठेवला होता. सेल्वमला हिंदी येत नव्हतं, मला तमिळ येत नाही. त्याने आरशातून डब्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हार्ट?" मी मान हलवून नाही म्हटलं. मग समजावून कसं सांगायचं ते कळेना, म्हणून हो म्हटलं. त्यानंतर तो चहालाही थांबला नाही.

आकडा सातच्या पुढे गेला होता. मी दर दोन मिनिटांनी बघत होते आणि बघितल्याने तो वाढतो असं मला वाटायला लागलं. मग ठरवलं की टोल आला की बघायचं. पाळलं नाही.

वेल्लोर मागे पडलं होतं तेव्हा सुधीरचा फोन आला. तो काही वेळ इकडचं तिकडचं बोलला. हा माणूस इकडचं तिकडचं कधी बोलत नाही, म्हणून मी विचारलं काय झालं. तो म्हणाला, "टाकी दिसायला लागली." आणि पुढे, जरा थांबून, "तुझं विमान निघालंय. दुसरे पायलट मिळाले म्हणे, चेन्नईतच होते."

खिडकीतून बाहेर बघितलं. वर आकाश स्वच्छ निळं होतं आणि माझं रिकामं सीट त्यातून माझ्या डोक्यावरून बंगळुरूला चाललं होतं. बंगळुरूला दुसरे वैमानिक आहेत एवढंच मी धरून बसले होते. चेन्नईतही वैमानिक राहतात हे माझ्या डोक्यात आलं नाही, कॅप्टनलाही बहुधा तेव्हा माहीत नसावं. त्यापुढचा कृष्णगिरीपर्यंतचा रस्ता माझ्या नोकरीतला सगळ्यात वाईट रस्ता. विमान उतरल्याचा मेसेज आला तेव्हा आम्ही कृष्णगिरीच्याही अलीकडे होतो. नरहरीने फक्त "लँडेड" एवढंच लिहिलं होतं. त्याच्या जागी मी असते तर चार शब्द जास्त लिहिले असते.

मी मनात हिशोब करत राहिले. विमान उतरलं, आता मी कस्टममध्ये असते, आता गाडीत बसले असते, आता हेब्बाळच्या पुलावर अडकले असते. हॉस्पिटल शहराच्या दक्षिणेला आहे आणि विमानतळ उत्तरेला. मधे सगळं बंगळुरू. मी येत होते दक्षिणेकडून. होसूर पार केल्यावर मी हिशोब बंद केला, कारण पुढे गाड्यांची रांग लागली होती आणि ती हलत नव्हती. आकडा आठला टेकला होता. सेल्वमने माझ्याकडे पाहिलं, खिडकी खाली केली, शेजारच्या लॉरीवाल्याला ओरडून काहीतरी सांगितलं. त्यात हार्ट हा शब्द मला ऐकू आला. लॉरी थोडी सरकली. मग पुढची गाडी सरकली. खोटं बोलल्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.

हॉस्पिटलच्या दारात नरहरी उभा होता. दुपारपासून तिथेच होता असं नंतर कळलं. त्याने डब्याला हात लावला नाही, कारण तो फक्त मी लावायचा असतो. माझ्या पुढे जाऊन तो लिफ्टचं दार धरून उभा राहिला. लॅबमध्ये मी डबा दिला, सह्या केल्या. बाहेर बाकावर बसून राहिले. बऱ्याच वेळाने डॉक्टर स्वतः बाहेर आल्या. पेशी जिवंत आहेत, म्हणाल्या, पुरेशा आहेत, आज संध्याकाळी देतो. आणि आत गेल्या. मी तिथेच रडले. नरहरीने कॉफी आणली आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिला.

कॉफी संपल्यावर तो म्हणाला, "अक्का, विमानात बसून राहिला असतात तर तास-दीड तास आधी आला असतात."

"माहीत आहे," मी म्हटलं. "आणि दुपारी उतरणाऱ्या विमानाने आले असते तर हा तमाशाच झाला नसता."

"तेही माहीत आहे," तो म्हणाला.

यावर आमचं पुन्हा कधी बोलणं झालं नाही. पण त्यानंतर हिवाळ्यात पहाटे बंगळुरूला उतरणारं विमान आमच्या कंपनीने घेतलेलं नाही, मग ते कितीही कमी तासांचं असो. नव्या कुरिअरना मी एवढंच शिकवते. दोन विमानतळांमधलं अंतर आणि वेळ कुणीही सांगेल, पण पेशंट विमानतळावर नसतो.

मी उतरायला नको होतं का? लोक विचारतात. मी सांगते की आता मला उत्तर माहीत आहे, त्या सीटवर बसले होते तेव्हा माहीत नव्हतं, आणि पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा उतरेन.

पुढे त्या बाईचं काय झालं, ते मात्र मला सांगता येत नाही. कुरिअरला ते कळवत नाहीत. पेशी दिल्या म्हणजे रुजल्या असं नसतं. रुजल्या नाहीत, तर त्याच दात्याकडे पुन्हा जावं लागतं, पुन्हा तोच डबा, तेच चौदा हजार किलोमीटर. पिशवीवर नाव नसतं, एक नंबर असतो, आणि तो नंबर तोच राहतो. म्हणून त्यानंतर नरहरीचा फोन आला की मी नीट ऐकायचेच नाही. तो कुठे जायचंय, कधी निघायचंय ते सांगत असायचा, आणि मी त्याला तोडून विचारायचे, नंबर काय?

दोन-तीनदा असं झालं. नरहरीने कारण कधी विचारलं नाही. पण आता त्याचा फोन आला की तो हॅलो म्हणत नाही, अक्का म्हणत नाही. आधी नंबर सांगतो.